सात अंशांवर निघालेली गाडी

मंगळवारी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी चाकांवरच्या फिरत्या घराच्या फ्रिजमधला पारा अकरा अंशांवर गेला.

तो चारवर असायला हवा होता. सहापर्यंतही चालवून घेतलं असतं. अकरा आकडा पाहून तिने दार लावलं, वहीत वेळ लिहिली, पुढे ‘११’ लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

फ्रिजमध्ये दूध होतं, आत्याचं दही होतं, आणि सगळ्यात खालच्या खणात ओल्या कागदात गुंडाळलेल्या अडतीस काड्या होत्या. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब. नासपतीच्या. झाड आता नव्हतं. तिच्या बाबांनी लावलेलं ते झाड बाबा गेल्यावरही सहा वर्षं फळलं आणि या हिवाळ्यात रस्ता रुंद करताना तोडलं गेलं. करवत येण्याच्या आदल्या दिवशी तिने शिडी लावून या काड्या कापून घेतल्या होत्या. प्रत्येक काडीवर तीन-चार डोळे, म्हणजे पुढे फुटायचे कोंब, घट्ट मिटलेले. ते मिटलेलेच राहायला हवे होते. उबेने डोळा आधीच फुगला, तर पुढे कितीही निगुतीने बांधा, काडी जीव धरत नाही. रोपवाटिकेत तेरा वर्षं कलमं बांधणाऱ्या बाईला हे कोणी सांगायची गरज नव्हती.

मामाच्या बागेत ज्यांवर कलम बांधायचं ते खुंट तयार होते. "रस चढलाय," मामा फोनवर म्हणाला होता. "शुक्रवारपर्यंत बांधलंस तर खरं. पुढे मी हात वर केले."

मामाची बाग या फिरत्या घराच्या संथ चालीने अजून अकरा तासांवर होती. ऊन मात्र ऋतूच्या आधीच येऊन बसलं होतं.

"काय म्हणतोय पारा?" आत्याने विचारलं. आत्या म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. ती आडवी होऊन पत्त्यांचा डाव मांडत होती.

"अकरा."

"मग माझं दही आंबणार."

"आत्या, दह्याचं काय घेऊन बसलीस!"

"तू काड्यांचं घेऊन बस. दह्याचं कोणीतरी बघायला नको का?"

ती चपला अडकवून बाहेर पडली.

फिरत्या घरांच्या त्या तळावर एकच कार्यालय होतं, आणि त्यात एकच फ्रिज. व्यवस्थापक खुर्चीत बसून वहीच्या पुठ्ठ्याने वारा घेत होता. खोलीत आणखी एक माणूस होता, पण त्याचे फक्त पाय दिसत होते. बाकीचा तो टेबलाखाली होता, उघडलेल्या संगणकाच्या पोटात.

"तुमच्या फ्रिजमध्ये थोडी जागा मिळेल?" तिने विचारलं.

"मिळेल की. खाली सफरचंदं आहेत, ती सरकवा जरा."

"सफरचंदं? किती?"

"पेटीभर. घ्या ना एक."

"नको. मग नाही ठेवता येणार."

"का हो? चावतात?"

"पिकत्या फळांतून वायू सुटतो. त्याने काड्यांचे डोळे मरतात. बर्फ आहे?"

"सकाळीच संपला. गाडी परवा येणार."

टेबलाखालून भर्रर्र आवाज आला. धुळीचा एक ढग बाहेर पडला, आणि त्याच्या मागून प्रश्न आला. "गॅसवरचा फ्रिज आहे का?"

ती वाकली. "हो."

"पेटतोय?"

"ज्योत निळी आहे. गाडी सपाट उभी आहे. पाणसळ लावून बघितलंय. दार नीट लागतं, कागद धरून तपासलंय."

मग तो माणूस सरपटत बाहेर आला. तिशीचा असावा. एका भुवईवर धूळ बसली होती, त्यामुळे ती अर्धी पिकल्यासारखी दिसत होती. ती इथे भुवया बघायला आली नव्हती. तरी दिसली.

"मग फ्रिज बिघडलेला नाही," तो म्हणाला. "बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"मोजलं नाही ना अजून. मोजल्याशिवाय मी नक्की म्हणत नाही."

"मीही नाही म्हणत."

"बरं झालं. मग आपलं जमेल..." तो अडखळला. "काम, म्हणजे. कामाचं म्हणतोय."

व्यवस्थापकाचा पुठ्ठा हलायचा थांबला.

"ते भर्रर्र कशाचं होतं?" तिने विचारलं.

त्याने तळहातावर एक पंखा धरला. चौकोनी, काळा, बिस्किटाच्या पुड्याएवढा. "संगणकाला गार ठेवतो हा. याला वीज नावापुरती लागते. तुमच्या गाडीच्या बॅटरीला कळणारही नाही."

"हाच द्या."

"हा चालू संगणकातला आहे."

"मग बंदमधला द्या."

"बंद संगणकातला चालू पंखा. असं म्हणायचंय ना?" तो हसला. "दुकानात डबाभर पडलेत. पाच मिनिटांत येतो."

दुकान तळाच्या फाटकासमोर, रस्त्यापलीकडे होतं. बंद पडलेली यंत्रं दुरुस्त करण्याचं. दारावर पाटी लटकत होती, ‘पाच मिनिटांत येतो’. दुरुस्तीवाला आला तेव्हा सव्वाचार झाले होते.

"पंखेवाले," आत्याने पडल्या पडल्या विचारलं, "तुमची पाच मिनिटं केवढी असतात?"

"कामाएवढी."

"शाळेत असता तर बाकावर उभं केलं असतं."

"उभाच आहे, आत्या. बसायला जागा कुठंय?"

खरंच नव्हती. त्या बोळात एक माणूस नीट मावायचा. दोन असले, तर एकाने श्वास घेतला की दुसऱ्याला कळायचं. त्याने तीन रिकामे पेले मागितले. वरच्या, मधल्या आणि खालच्या कप्प्यात एकेक ठेवला, प्रत्येकात एक तापमापी उभी केली. पंधरा मिनिटांनी आकडे वाचले. वर आठ, मध्ये अकरा, खाली तेरा.

"खाली तेरा," ती म्हणाली. आवाज सपाट होता, पण हात खणाकडे गेला.

"म्हणजे गारवा तयार होतोय, पण वरच अडकून बसलाय. त्याला खाली आणणारं कोणी नाही. आतली हवा फिरवायला हवी. आणि मागची उष्णता बाहेर पडायला हवी. गाडीच्या भिंतीला बाहेरून दोन जाळ्या असतील. खालून गार वारा आत येतो, वरून गरम बाहेर जातो. त्या मोकळ्या आहेत ना?"

"स्वच्छ आहेत," ती लगेच म्हणाली. "दर महिन्याला मी स्वतः बघते."

त्याने मान डोलावली. विषय तिथेच संपला. तो संपायला नको होता, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

पंख्याच्या कडेवर एक बारीक बाण कोरलेला होता, हवा कुठे जाणार ते दाखवणारा. खालची ऊब वर ढकलली जाईल आणि गारवा खाली उतरेल असा, बाण वर करून त्याने पंखा मधल्या कप्प्याच्या मागच्या कोपऱ्यात बसवला. तार दाराच्या कडेने बाहेर काढली, दार लागतंय की नाही ते कागद धरून तपासलं. कागद घट्ट बसला. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने तोच कागद दुसऱ्या टोकाला धरून पुन्हा तपासला.

"विश्वास नाही?"

"आहे. पण तपासते."

"नाही, बरोबर आहे," तो म्हणाला. "आवडलं."

पंखा सुरू झाला. भर्रर्र नव्हे, आता नुसती गुणगुण. आत्याने पत्ते खाली ठेवून कान दिला. "माझा एक विद्यार्थी असाच गुणगुणायचा. पेपर कोरा असला की."

दर अर्ध्या तासाने आकडा घ्यायचं ठरलं. प्रत्येक वेळी दार उघडलं तर गारवा निसटणार, म्हणून दुरुस्तीवाल्याने खालच्या पेल्यातली तापमापी काढून लांब तारेची बसवली. आकडा बाहेर दिसू लागला. तरी तो गेला नाही. गाडीच्या पायरीवर बसला. ती दुसऱ्या टोकाला बसली. ऊन उतरत होतं, पण पत्रा तापलेलाच होता.

"कलम बांधतात कसं?" त्याने विचारलं.

"सांगून नाही कळायचं. हात द्या."

त्याने उजवा हात पुढे केला. अंगठ्यावर डाग होता, तारा जोडायच्या तापलेल्या झाळणीने पडलेला. तिने खिशातून पट्टीची गुंडाळी काढली, पातळ, पारदर्शक, ताणली की चिकटणारी. त्याची दोन बोटं जवळ आणली.

"हे खुंट. ही काडी. दोघांना तिरका काप द्यायचा, सारखाच. सालीखाली हिरवा पदर असतो, नखाएवढाही जाड नसतो. पदराला पदर लागला पाहिजे. मग बांधायचं..." ती पट्टी फिरवत होती. एक वेढा, दोन, तीन. "सैल नाही, आवळून नाही."

"आणि नाही लागला पदर तर?"

"हलू नका."

"बोलायचं पण नाही?"

"जीव धरताना काडी बोलत नाही."

तो गप्प बसला. बराच वेळ. तिनेही वेढे जरा जास्तच घातले. साधारण चार पुरतात. ती सातवर थांबली.

"किती दिवस असंच ठेवायचं?" त्याने बांधलेली बोटं वर करून विचारलं.

"एकवीस दिवसांत डोळा फुटतो. पाच-सात इकडे-तिकडे."

"एकवीस दिवस मी एका हाताने दुरुस्त्या करू?"

आतून आत्या म्हणाली, "करा, करा. पाटी तरी खरी होईल. ‘एकवीस दिवसांत येतो’."

सात वाजता आकडा नऊ झाला. साडेसातला नऊ. आठलाही नऊच. दुरुस्तीवाला उठला, पट्टी सोडवली, "सकाळी बघू" म्हणाला आणि गेला. पट्टी त्याने टाकली नाही, शर्टाच्या खिशात ठेवली. हे तिला तेव्हा दिसलं नाही.

बुधवारी सकाळी सहाला वर, मध्ये, खाली, तिन्हीकडे नऊ होते. गारवा आता सगळीकडे सारखा पसरला होता. फक्त पुरेसा नव्हता. तिने खण उघडून काड्या एकेक करून उजेडात धरल्या. चौतीस ठीक होत्या. चार काड्यांवरच्या डोळ्यांची टोकं फुगली होती, खवल्यांच्या फटीतून हिरवा ठिपका दिसत होता. त्या चार तिने बाजूला काढल्या. वहीत लिहिलं, ‘४ गेल्या’. मग वही मिटून ती पाच मिनिटं पाठमोरी उभी राहिली.

दुरुस्तीवाला आठला आला, तेव्हा ती गाडीच्या चाकांखालच्या पाचरी काढत होती.

"निघालात?"

"थांबून काय करू? इथे बसून सगळ्या घालवण्यापेक्षा वाटेत घालवीन. निदान चाललो तरी होतो, असं म्हणता येईल."

"मुंगे, चहा तरी घेऊ दे त्यांना," आत्या म्हणाली. लहानपणी भाची कधी एका जागी बसायची नाही, म्हणून मुंगी.

"मला बारापर्यंत द्या," तो म्हणाला.

"नऊवर अडकलाय. तुम्ही काल जे करायचं ते केलंत. झालं."

"नऊवर का अडकलाय ते माहीत नाही. माहीत नसताना झालं कसं म्हणू?"

ती पाचर हातात घेऊन उभी राहिली. हा माणूस काही गोड बोलत नव्हता. होईल म्हणत नव्हता, काळजी करू नका म्हणत नव्हता. तिला ते बरं वाटलं. होईल म्हणणारी माणसं तिने झाड तोडण्याच्या बैठकांत पुष्कळ ऐकली होती.

"बारा म्हणजे बारा," ती म्हणाली.

"बारा म्हणजे बारा."

ज्योत, नळी, तारा पुन्हा तपासण्यात दोन तास गेले, मग तो गाडीच्या मागच्या भिंतीशी गेला. वरच्या जाळीसमोर उभा राहिला आणि खिशातून काहीतरी काढलं. पारदर्शक पट्टी. सात वेढ्यांची, अजून कुरळी. एक टोक चिमटीत धरून त्याने ती जाळीसमोर लोंबकळत सोडली.

"ही... कालचीच?" तिने विचारलं.

"हलकी आहे. वारा कुठे जातो ते हिला कळतं." त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या. ऊन होतंच म्हणा.

वरच्या जाळीसमोर पट्टी जेमतेम हलली. तो खाली बसला. खालच्या जाळीसमोर धरली. पट्टी सरळ लोंबत राहिली. आत ओढली जायला हवी होती. त्याने चारी कोपऱ्यांत धरून बघितली. काहीच नाही.

"इथून वारा आत जातच नाहीये."

"असं कसं? स्वच्छ आहे ती!"

त्याने चार स्क्रू काढले, जाळीची चौकट उचलली. चौकटीच्या आतल्या बाजूला पांढरं, बारीक विणीचं कापड ताणून बसवलं होतं. रोपवाटिकेत रोपांवर टाकतात ती कीडजाळी. एक पदर नव्हे, तीन. चारी बाजूंनी बारीक, एकसारखे टाके.

दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"हे टाके कोणी घातलेत?" त्याने विचारलं.

तिने बोटाने एक टाका चाचपला.

"हिनेच," आत्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "दोन वर्षांपूर्वी गांधीलमाशांनी आत घर केलं होतं. तेव्हापासून ही दिसेल त्याला जाळी लावते. मी जरा जास्त वेळ स्वस्थ बसले तर मलाही लावेल."

"आत्या, गप गं."

"एक पदर पुरला असता," दुरुस्तीवाला कापड उजेडात धरून म्हणाला. "तीन पदरांतून वारा जाणार कुठून? थंडीत निभावलं असेल. या उन्हात..."

"मला विचारायचं ना मग!" ती एकदम भडकली. राग स्वतःवरचा होता, निघाला त्याच्यावर. "एवढा मोजणारा तू, मग काल उघडून का नाही बघितलंस?"

"काल मी विचारलं होतं, मोकळी आहे का. तुम्ही म्हणालात, स्वच्छ आहे."

"हो, पण..."

"मी स्वच्छ हेच मोकळं समजलो. चूक माझी. तुम्ही म्हणालात म्हणून तपासलं नाही." तो थांबला. "असं मी सहसा करत नाही."

ती तिथेच मातीत बसली. तेरा वर्षं प्रत्येक रोप किडीपासून वाचवायचं म्हणून झाकत आली होती. झाकलं की जगतं, एवढंच हाताला ठाऊक. बाबांच्या झाडाच्या काड्या घेऊन निघाली, आणि त्यांच्यावरही तीन पदर. चार काड्या उन्हाने गेल्या नव्हत्या. त्या तिच्या टाक्यांनी गेल्या होत्या.

"कात्री आहे?" तो म्हणाला.

तिने कमरेची कलमाची सुरी काढली. टाके तिनेच उसवले. दोन पदर काढले, एक ठेवला. त्याने डब्यातून दुसरा पंखा काढला, मागच्या पोकळीत तापलेल्या नळ्यांच्या खाली बसवला, बाण वर. अंग चोरून दोघांना एकाच चौकोनात हात घालावे लागत होते. तिने तार धरली, त्याने जोडली.

"मघाशी मला ‘तू’ म्हणालात," तो तारेकडे बघत म्हणाला.

"रागात होते."

"राग रोज येतो का?"

"पंखा लावा."

पंखा लागला. त्याने पट्टी तिच्या हातात दिली. तिने ती खालच्या जाळीसमोर धरली, आणि पट्टी सर्रकन आत ओढली गेली, जाळीला चिकटून थरथरत राहिली. ती हसली. काल दुपारपासून पहिल्यांदाच. दुरुस्तीवाला पट्टीकडे बघत नव्हता.

अकराला आठ. साडेअकराला साडेसात. बाराला सात.

"सात," ती म्हणाली. "बारा वाजले."

"अजून दोन तास थांबलात तर पाच झालेले बघून जाल. उतरतोय तो."

"उतरतोय ना? मग वाटेतही उतरेल."

"उतरती चाल आहे, पण... नक्की म्हणता येणार नाही."

"मामाचे खुंट थांबणार नाहीत. बारा म्हणजे बारा म्हणाले होते."

"मीही म्हणालो होतो," त्याने कबूल केलं. मग खिशातून कागद काढून त्यावर आपला क्रमांक लिहिला, स्वच्छ, सुटे आकडे. "चार झाला की कळवा. आणि... आधीही कळवलं तरी चालेल. दर तीन तासांनी. नोंद म्हणून."

"नोंद म्हणून," ती म्हणाली आणि कागद वहीत ठेवला. पट्टी परत मागितली नाही.

गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा आत्याने आरशात बघितलं. "उभाच आहे गं अजून. दुकानाच्या दारात. पाटी हातात घेऊन."

"रस्त्याकडे बघू दे मला."

"बघ की. मी कुठे तुझी मान धरलीय?"

तीन वाजून पाच मिनिटांनी तिने गाडी कडेला घेतली आणि निरोप पाठवला. ‘५.’ उत्तर अर्ध्या मिनिटात आलं. ‘छान. आत्याचं दही?’ सहा दहाला तिने पाठवलं, ‘४. दही आंबलं.’ उत्तर आलं, ‘दह्याबद्दल दिलगीर आहे. चारबद्दल नाही.’

रात्रीचा मुक्काम करून गुरुवारी दुपारी ती मामाच्या बागेत पोहोचली. शुक्रवारी सकाळी सहाला बसली आणि दुपारी एकला उठली. चौतीस खुंटांवर चौतीस काड्या. मामा मागे उभा राहून बघत होता, एकदाही बोलला नाही, म्हणजे काम चांगलं होतं. शेवटी त्याने विचारलं, "झाकायची ना जाळीने?"

"एकच पदर," ती म्हणाली.

मामाने आत्याकडे पाहिलं. आत्याने खांदे उडवले. "वाटेत एक दुरुस्ती झाली."

निरोप चालू राहिले. सकाळी नऊला, बाराला, तीनला, सहाला. ‘४.’ ‘४.’ ‘साडेचार, मामांनी दार उघडं ठेवलं.’ ‘मामांना सांगा, मोजतोय मी.’ आठवडा झाला तेव्हा आत्याने पत्ते पिसता पिसता विषय काढला.

"मुंगे, फ्रिजमध्ये आता काय आहे?"

"का?"

"काड्या बांधून झाल्या. आत फक्त माझं दही आहे. माझ्या दह्याचं तापमान त्या माणसाला दिवसातून चारदा कशाला हवं?"

त्या दिवशी दुपारी तिने फ्रिजची ज्योत विझवली, दही मामाच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवलं, आणि तीनचा निरोप पाठवला नाही.

तीन वाजून चार मिनिटांनी त्याचा आला. ‘तापमान?’

‘फ्रिज बंद केला. आता त्यात काही नाही.’

पुढची चाळीस मिनिटं काही आलं नाही. ती बागेत गेली, कलमांच्या ओळीतून एकदा जाऊन आली, परत येऊन बघितलं. काही नाही. पुन्हा गेली. कलम क्रमांक एक ते चौतीस, सगळी जशीच्या तशी. परत आली.

‘मग आता काय कळवाल?’

तिने बरंच लिहिलं आणि खोडलं. शेवटी पाठवलं. ‘विचाराल ते.’

‘कशी आहेस?’

हा प्रश्न तिने चार वेळा वाचला. शेवटच्या दोन अक्षरांवर जरा जास्त थांबली. मग लिहिलं, ‘मोजलं नाही अजून. डोळे फुटले की सांगते.’

‘तेरा दिवस राहिले.’

‘पाच-सात इकडे-तिकडे.’

‘इकडे असते तर बरं झालं असतं.’

एकविसाव्या दिवशी काही झालं नाही. बाविसाव्या दिवशीही नाही. त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. इतर गोष्टी मात्र सांगितल्या. त्याने सांगितलं की तळाच्या व्यवस्थापकाने सफरचंदं वेगळ्या पेटीत काढलीत, ‘त्या बाई परत आल्या तर’ म्हणून. की दुकानाला अकरा वर्षं झाली आणि तो या अकरा वर्षांत गावाबाहेर फक्त सुटे भाग आणायला गेलाय. तिने सांगितलं की बाबा नासपती कापताना पहिली फोड झाडाला दाखवायचे. तेविसाव्या दिवशी मामा म्हणाला, "गेली असतील तर गेली. पुढच्या साली दुसरं काही बांधू." ती म्हणाली, "दुसरं काही नाही बांधायचं." आणि पहाटेचा गजर लावला.

चोविसाव्या दिवशी, रविवारी, सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी तिने जाळी उचलली. कलम क्रमांक सतरा. पट्टीच्या वर, दुसऱ्या डोळ्याचे खवले उलगडले होते. आत पान होतं. पान म्हणायला फारच लहान. तांदळाच्या दाण्याएवढं, कडेने दुमडलेलं. तिने ते मोजलं. चार मिलिमीटर.

आत्याला उठवायच्या आधी तिने निरोप पाठवला. ‘सतरा नंबर फुटला. ४.’

सात वाजून पाच मिनिटांनी उत्तर आलं. आधी एक फोटो. दुकानाचं दार, बाहेरून कुलूप. नेहमीची पाटी नव्हती. तिच्या जागी पुठ्ठा, त्यावर स्वच्छ, सुटी अक्षरं, ‘बुधवारपर्यंत बंद’. त्याखाली दोन ओळी.

‘निघालो. मला बघायचाय तो डोळा. आणि तुला. खोटं कशाला सांगू, उलट्या क्रमाने.’

‘नऊ तास. पाच मिनिटं इकडे-तिकडे.’

"काय म्हणतोय पंखेवाला?" आत्याने अंथरुणातूनच विचारलं.

"येतोय."

"पाच मिनिटांत?"

"नऊ तासांत."

"म्हणजे या खेपेला मोजून निघालाय." आत्या उठून बसली. "दही लावू का ताजं?"

चारच्या आधी ती दोनदा फाटकापर्यंत जाऊन आली. तिसऱ्यांदा गेली ती थांबलीच. वाटेत गाडीपाशी थांबून, का कोण जाणे, फ्रिज पेटवून आली होती. पंख्याची गुणगुण फाटकापर्यंत ऐकू येत नव्हती, तरी तिला येत होती.

रविवारी संध्याकाळपर्यंतची स्थिती अशी आहे. चौतीस कलमांपैकी एक फुटलं आहे. तेहेतिसांचं आज काही सांगता येत नाही. फ्रिजमध्ये अकरा अंश आहेत आणि ते उतरत आहेत. चार वाजून दहा मिनिटांनी नऊ तास आणि पाच मिनिटं पूर्ण झाली. चार वाजून बारा मिनिटांनी बागेच्या वळणावर धूळ उठली. गाडी कोणाची आहे ते फाटकातून अजून दिसत नव्हतं.